नाल्याकडून दिसणारे वावर

वाशीम जिल्ह्यात मी भांडायला गेलो होतो, हे आरंभीच नमूद करतो. प्रवासवर्णने बहुधा देवदर्शनाची, हवापालटाची किंवा नुसत्या हौसेची असतात. माझ्या पिशवीत दोन धोतरे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि हरकतीच्या अर्जाचा मसुदा होता. साताऱ्याच्या माणसाने मुद्दाम उठून मेडशीला जावे असे तिथे काय आहे, हे मला निघताना तिघांनी विचारले. ज्यांनी ते गाव पाहिलेले नाही आणि बहुधा पाहणारही नाहीत, अशा वाचकांसाठी त्या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसलो आहे. ते मला नीट देता येईल याची खात्री नाही.

प्रकरण असे. माझी दिवंगत पत्नी मालती केनवडची. तिची थोरली बहीण सिंधू मेडशीला दिलेली. सिंधूअक्का आता एकट्या मेडशीच्या घरात राहतात. त्यांचा एकुलता मुलगा संजय वाशीमला शाळेत शिक्षक आहे. गेल्या उन्हाळ्यात अक्कांना मेंदूचा लहानसा झटका येऊन गेला. हातपाय वाचले, वाचा वाचली. पावसाळा सरल्यावर संजयचा फोन आला, की आई आता स्वतःचे वावर ओळखत नाही. शेताला तिकडे वावर म्हणतात. वावरात नेऊन उभे केले तर ती म्हणते, हे आपले नव्हे, आपले कुठे गेले ते सांगा. तेव्हा ती नाही म्हणत असली तरी दिवाळीनंतर घराला कुलूप लावून तिला वाशीमला नेणार, वावर ठोक्याने म्हणजे ठरावीक मोबदल्यावर वर्षभरासाठी दुसऱ्याला कसायला देणार, आणि त्यासाठी तिच्याकडून मुखत्यारपत्र करून घेणार.

फोन ठेवताच मी चष्मा आणि कागद काढला. माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत गेली. 'म्हातारीला आता काही ओळखू येत नाही' हे वाक्य किती दाव्यांच्या मुळाशी असते, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच दिवशी मी संजयला नोंदणीकृत टपालाने कळवले, की अक्का वावर ओळखत नसतील तर त्याविषयी सही देण्यास त्या अपात्र आहेत. आणि ओळखत असतील तर मूळ कारणच उरत नाही. दोन्ही बाजूंनी तुझे मुखत्यारपत्र निरर्थक आहे. हा युक्तिवाद मला इतका बिनतोड वाटला की पत्र टपालाच्या खिडकीवर देण्यापूर्वी मी ते पुन्हा एकदा वाचले. संजयने त्याला लेखी उत्तर दिले नाही. फोनवर एवढेच म्हणाला, "मावसाजी, तुमी स्वतः या अन् पाहा."

अकोल्याच्या पुढे

अकोल्यापर्यंतचा रेल्वेप्रवास वर्णन करण्याजोगा नव्हता. अकोल्याहून वाशीमच्या एसटीत चढलो तर ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव असलेल्या जागेवर मेथीची टोपली बसलेली. तिची मालकीण, पातूरकडची कोणी बागाईतदार बाई, खिडकीशी होती. मी तिला वरची पाटी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंग बरोबरच हाय ना बावाजी. सकाळी उपटली, आता दुपार झाली. मेथीच्या हिशेबानं तिचं वय झालं." आसपासचे हसले. मी हसलो नाही, परंतु टोपली तिने मांडीवर घेतली आणि मला जागा मिळाली, हे न्याय्यतेसाठी सांगितले पाहिजे.

पातूरच्या पुढे घाट लागतो. सागाची आणि पळसाची झाडी, मध्ये उघडे खडक, आणि घाट संपला की काळी जमीन एकदम पसरते. साताऱ्यात मान वर केली की किल्ला दिसतो. आपण कुठे उभे आहोत हे डोंगरच आपल्याला सांगत असतात. इकडे क्षितिज पुढेपुढे सरकत राहते. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, झाले होते आणि त्याच्या ओळींमधली तूर तेवढी उभी होती, अंतराअंतरावर, पिवळ्या फुलांनी भरलेली. एक शेत गेले की तसेच दुसरे, मग तिसरे. सुरुवातीला मी उत्सुकतेने पाहिले. काही वेळाने मी पाहत असूनही काही दिसेनासे झाले.

याचा परिणाम असा झाला की मेडशी आली आणि गेली, आणि मला ती कळली नाही. मालती असताना मी त्या गावी अनेकदा उतरलो होतो. फाट्यावर कडुनिंबांची रांग होती, तिच्या सावलीत एसटी थांबत असे. रस्ता रुंद होताना ती झाडे गेली आहेत आणि रस्ता पुरुषभर उंचावला आहे, हे मला कोणी कळवले नव्हते. कंडक्टर म्हणाला, मेडशी मांगंच गेली बावाजी, मी दोनदा ओरडलो. मी त्याला सांगितले की प्रवाशास त्याच्या थांब्यावर उतरवणे हे वाहकाचे कर्तव्य आहे. तो म्हणाला, गाव ओळखणं प्रवाशाचं. मालेगावच्या अलीकडे मला उतरवले आणि तिथून एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर उलट येऊन मी मेडशीत प्रवेश केला. दुसऱ्याच्या स्मरणशक्तीची बाजू मांडायला निघालेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

मेडशी

अक्कांनी मला दारातच ओळखले. मी उंबऱ्यात वाकून चपला काढत होतो, चेहरा दिसतही नव्हता. "या जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "मिशी पांढरी झाली, राग अजून काळाच हाय वाट्टे."

मी संजयकडे पाहिले. ही बाई काही ओळखत नाही, असे तू मला कळवलेस? संजयने मान हलवली, जणू म्हणत होता की थांबा जरा.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी होती. आमच्याकडे पाहुण्याला काय हवे ते विचारून वाढतात. तिकडे विचारण्याची रीत नाही. चटणीत बोटाने खळगा केला की त्यात कच्चे तेल ओतले जाते, आणि पाहुण्याने हात आडवा धरला तर तो हात बाजूला सारला जातो. अक्का माझ्या मालतीविषयी बोलल्या, माझ्या गुडघ्याविषयी बोलल्या, शेजारच्या सुनेचे कोणते वागणे त्यांना पटत नाही ते तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. एकही नाव चुकले नाही. मी मनातल्या मनात हरकतीच्या अर्जात एक परिच्छेद वाढवला.

जेवणानंतर संजय मला ओट्यावर घेऊन बसला आणि त्याने जे सांगितले ते मला ऐकायचे नव्हते. आई रोज वावर शोधायला निघते. एकदा ती परक्याच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, संध्याकाळपर्यंत बसून होती. एकदा ती महामार्गाच्या कडेला सापडली, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि ती एकेका वावराकडे निरखून पाहत होती. संजय शाळेत शिकवत असताना त्याचा जीव फोनमध्ये असतो. त्याने हे मोठ्याने सांगितले नाही आणि रडलाही नाही. "मले वावर नको मावसाजी," तो म्हणाला. "मले माय गाडीखाली जायाले नको." मी त्याला म्हणालो की हेतू शुद्ध असला तरी पद्धत कायदेशीर असली पाहिजे. हे मी आजही मानतो. परंतु ते बोलताना माझा आवाज मला आवडला नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघे एका रिक्षातून महामार्गाने वावराकडे गेलो. संजयने रिक्षा थांबवली. रस्ता उंच, वावर खाली. तुरीच्या ओळी आमच्यापासून पलीकडच्या झाडीकडे उतरत गेलेल्या. उजवीकडे एक विहीर होती. मी सात-बाऱ्याचा उतारा काढला, गट क्रमांक संजयच्या फोनवरच्या नकाशाशी ताडून पाहिला. वावर तेच होते, यात कायद्याने तिळमात्र शंका नव्हती.

अक्कांनी पदर सावरून बराच वेळ पाहिले. मग परक्याच्या घरी आल्यावर बोलावे तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तूर चांगली हाय. पण हे आपलं नोहे. काहून आणता मले रोज लोकाच्या वावरात?"

मी उतारा त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येते. आपले नाव त्यांनी वाचले, नवऱ्याचे वाचले, आणि कागद मला परत दिला. "कागद आपला हाय," त्या म्हणाल्या. "वावर नोहे."

मालेगाव

मालेगावातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी अक्कांची आणखी एक तपासणी सुचवली होती. बाजारातल्या एका जैन व्यापाऱ्याच्या किराणा दुकानावर माडी आहे. तिथे काही दिवस एक तरुण डॉक्टर, मेघाताई, यंत्रसामग्री मांडून बसल्या होत्या. पाहिलेले दृश्य पुन्हा पाहिले की मेंदू काय करतो याचा त्यांचा अभ्यास आहे, आणि त्यासाठी त्यांना गावोगावची वयस्क माणसे हवी होती. मला हे सगळेच संशयास्पद वाटले. संमतीचा कागद मी तीनदा वाचला व दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली.

त्याच दुपारी आम्ही तिथे गेलो तेव्हा जिन्यापाशी दुकानाचा मालक उठून उभा राहिला आणि अक्कांना बसायला स्टूल दिले. अक्कांनी त्याला विचारले, वडिलांसारखी तूही तराजूवर फुंकर मारतोस का रे अजून. तो लाजून हसला. म्हणजे हाही माणूस ओळखला. दुकान मात्र त्यांना नवीन वाटले. इतके मोठे दुकान कधी काढले, असे त्यांनी विचारले. संजय मला हळूच म्हणाला की ती मेडशीला लग्न होऊन आली तेव्हापासून याच दुकानात येते.

वर गेल्यावर अक्कांच्या डोक्यावर तारा लावलेली टोपी चढवली. "हे टोपडं काहून?" त्यांनी विचारले. "माहं बारसं करता काय बाई?" मेघाताई तिकडच्याच, त्यांनी तितक्याच सहज उत्तर दिले, की नाव चांगलं ठेवू आजी, तुमी फक्त चित्रं पाहा. समोरच्या पडद्यावर एकामागून एक चित्रे येऊ लागली. झाडे, खडक, पाणी, पिके, गवताचे माळ. त्यातली काही थोड्या वेळाने परत येत. चित्र आधी पाहिलेले वाटले तर बटण दाबायचे. अक्कांनी शेवटपर्यंत बटण दाबले नाही. प्रत्येक चित्राला त्या हळूच 'छान हाय' म्हणत, परत आलेल्यालाही.

नंतर तुलनेसाठी म्हणून मला बसवले. मी बटण दाबण्यात कमी पडलो नाही. एका वडाच्या झाडाला मी ठामपणे बटण दाबले. नंतर कळले की ते उत्तर चूक धरले आहे. मी हरकत घेतली. मेघाताईंनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवली. वड तोच होता, परंतु दुसऱ्या बाजूने टिपलेला. आमच्या मोजणीत हे नवीन चित्र आहे, त्या म्हणाल्या. डोळ्याला ज्या बाजूची सवय झाली ती बाजू तो ओळखतो, दुसरी बाजू म्हणजे त्याच्यासाठी बऱ्याच अंशी नवे झाड. मी त्यांना सांगितले की पूर्वेकडून पाहिली म्हणून मिळकत बदलत नाही. चतुःसीमा तीच, मालक तोच, झाड तेच. त्या म्हणाल्या, कायद्यात नसेल बदलत.

अक्कांच्या तपासणीविषयी त्यांनी जे सांगितले ते मी शक्य तितके जसेच्या तसे देतो, कारण त्यातले मला पूर्ण समजलेले नाही. नवे दृश्य समोर आले की डोळ्यांशी जोडलेला मेंदूचा भाग जोराने प्रतिसाद देतो. तेच दृश्य पुन्हा आले की प्रतिसाद कमी होतो. मी मनाशी कचेरीतले उदाहरण घेतले. पहिला अर्ज कारकून शब्दन् शब्द वाचतो. त्याच अर्जाची चौथी प्रत आली तर नुसता शिक्का मारतो. म्हणजे कशाकडे आपण कमी लक्ष देतो, यावरून ते आपल्या ओळखीचे ठरते का, मी विचारले. मला कोणावर तरी रागावायचे होते, पण कोणावर ते ठरेना. मेघाताई म्हणाल्या, लक्ष कमी असे नाही काका, मेहनत कमी लागते.

आणि मग त्या म्हणाल्या की आजींच्या बाबतीत परत आलेल्या चित्रांना प्रतिसाद कमी झालेला दिसतो. तोंडाने त्या 'पाहिले नाही' म्हणतात. डोळ्यांमागचा मेंदू बहुधा 'पाहिले आहे' म्हणतो. ती ओळख त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

मी ताबडतोब हे लेखी मागितले. त्या नाही म्हणाल्या. एका माणसाच्या एका बैठकीवरून असे काही लिहून देता येत नाही, ते चुकीचे ठरेल. मी त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहीन असे सांगितले. त्या म्हणाल्या, "लिहा. पण त्यात हेही लिहा, की मला नक्की माहीत नाही असं मी म्हणाले." न्यायालयात 'बहुधा'ला स्थान नसते, असे मी त्यांना करड्या आवाजात सुनावले आणि जिना उतरू लागलो. अर्ध्या जिन्यात मला आठवले की दिवाणी दावे 'बहुधा'वरच निकाली निघतात. फौजदारीत तेवढी खात्री लागते. मी हे आयुष्यभर जाणत होतो. परत वर जाऊन तसे सांगावे की नाही हे न समजून मी कठड्याला धरून काही क्षण उभा राहिलो, आणि संजयला वाटले मला चक्कर आली.

खरी अडचण पुढेच होती. साक्षीदार एकच आहे, आणि त्याच्या दोन जबान्या आहेत. एक तोंडाची, एक तारांची. त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. अशा वेळी काय करावे हे मी नोकरीत कधीच शिकलो नव्हतो.

चतुःसीमा

संध्याकाळी अक्का अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. वडाच्या झाडाचा राग माझ्या मनातून गेला नव्हता. मी त्यांच्यासमोर खुर्ची घेतली आणि खरेदीखतात लिहितात त्या पद्धतीने त्यांच्या वावराची चतुःसीमा विचारली. संजय म्हणाला, कायले त्रास देता तिले. मी त्याला गप्प बसवले.

अक्कांना पूर्वपश्चिमेत रस नव्हता. त्यांनी सूप खाली ठेवले आणि हातांनी सांगितले. समोर टेकडी, बैल बसल्यासारखी. डाव्या हाताला विहीर. उजव्या हाताला शेजाऱ्याचा धुरा, त्यावर बोरी. पाठीमागे नाला. वावर समोर चढत जाते. ऊन डोळ्यांवर येते, म्हणून पदर पुढे ओढून घ्यावा लागतो.

मी उठून उभा राहिलो. सकाळी आम्ही पाहिले तेव्हा विहीर उजव्या हाताला होती. वावर उतरत होते. बसलेल्या बैलासारखी टेकडी होती खरी, पण ती महामार्गाच्या पलीकडे, आमच्या पाठीशी होती, आणि तिच्याकडे वळून पाहण्याचे कोणाला कारण नव्हते.

"अक्का, तुम्ही रस्त्याच्या बाजूने वावरात कधी गेलात?" मी विचारले.

"मी कायले जाईन तिकडून?" त्या म्हणाल्या. "तिकडून माणसं जाये, बाया नाही."

मग खुलासा झाला, आणि संजयलाही तो नवा होता. वावराला दोन वाटा. गाडीवाट पारावरून जाई, आणि पारावर सासरे व त्यांच्या बरोबरीचे बसलेले असत. सुनेने पारासमोरून जायचे नाही. म्हणून सुना भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन घराच्या मागच्या दाराने निघत, नाल्यात उतरत आणि पलीकडून वावरात चढत. कामही बायकांचे नाल्याकडच्या भागात. रस्त्याकडच्या टोकाला खळे असे, बैलगाड्या, गडीमाणसे. तिकडे त्या फिरकत नसत. परतीची वाटही नाल्यातूनच.

मी विचारले की सासरे तर केव्हाच वारले, त्यानंतर?

"पायाले तीच वाट माहीत होती ना बापा," अक्का म्हणाल्या. "पार रिकामा झाला म्हणून का वाट बदलते?"

संजय भिंतीला टेकून उभा होता. झटक्यानंतर तो वाशीमहून येऊन आईला रोज मोटारसायकलवर, नंतर रिक्षाने, महामार्गावरून घेऊन जात होता. तिचे गुडघे दुखू नयेत म्हणून. "म्हणजे मी तिले रोज लोकाच्याच वावरात नेऊन राह्यलो होतो," तो म्हणाला. यावर कायदेशीर उत्तर मजपाशी होते. मी ते दिले नाही.

नाल्यातून

सकाळची न्याहारी झाल्यावर आम्ही मागच्या दाराने निघालो. अक्कांनी भाकरी फडक्यात बांधून घेतल्या. रिकाम्या हाताने वावरात जायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. वाट अरुंद झाली होती, दोन्ही बाजूंनी गाजरगवत आणि बाभळी आत सरकलेल्या. मी पुढे राहून काठीने काटे बाजूला सारण्याचा पवित्रा घेतला होता. नाल्याच्या उताराशी माझा पाय घसरला आणि मी धोतरासकट घोटाभर पाण्यात बसलो. संजयने मला उचलले. तोवर अक्का लुगडे वर खोचून कडेच्या दगडांवरून पलीकडे पोचल्याही होत्या. कुठे पाय द्यावा हे त्या खाली पाहून ठरवत नव्हत्या. एका बाभळीपाशी त्यांनी मान वाकवली. त्या जागी फांदी नव्हती. कधीतरी असावी.

नाल्याचा चढ संपला तशी तूर समोर आली. ऊन थेट डोळ्यांत येत होते आणि फुले त्या उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. ओळी वर चढत गेलेल्या, त्यांच्या टोकाला महामार्गाचा भराव, आणि भरावाच्या वर ती टेकडी. कालच्या जागेची एकही खूण मला त्यात सापडत नव्हती. मी स्वतः गट क्रमांक ताडून पाहिला होता, तरी क्षणभर मला वाटले की आम्ही वाट चुकलो.

अक्कांनी पदर पुढे ओढला.

"हे पाहा," त्या म्हणाल्या, कोणालाच उद्देशून नव्हे. "हे इथंच हाय."

त्या डाव्या हाताने विहिरीकडे गेल्या, काठाशी वाकून आत पाहिले, परत आल्या. दोन ओळींमधून थोडे चालल्या, एका झाडाची शेंग दाबून पाहिली, संजयला म्हणाल्या की तूर फार दाट पेरली, पुढल्या साली एक ओळ कमी घाल. मग धुऱ्यावर बसून त्यांनी फडके सोडले आणि आम्हा दोघांच्या हातात भाकर दिली. वर ठेचा होता. माझे धोतर ओले होते, डोळ्यांत पाणी होते आणि ते सगळे ठेच्याचे नव्हते.

मी संजयला म्हणालो, आता तुझ्या मुखत्यारपत्राला आधार उरला नाही. त्या वावर ओळखतात. घराला कुलूप लावण्याचे कारण नाही. मला वाटते मी हे जरा मोठ्यानेच बोललो. दावा जिंकल्याचा आनंद मला पुष्कळ वर्षांनी झाला होता.

संजय भाकर मोडत राहिला. अक्काच बोलल्या.

"संजू, मी येईन वाशीमले."

मी त्यांना थांबवले. म्हटले, अक्का, तुमच्यावर कोणाचे दडपण नाही. तुम्हाला जायचे नव्हते म्हणूनच मी साताऱ्याहून आलो.

"तवा यायचं नव्हतं जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "वावर हरपलं होतं. हरपलेलं तसंच टाकून कोनी गाव सोडते काय? आता सापडलं. आता जाता येते."

मी काय काय युक्तिवाद केले ते इथे देत नाही. वावर ओळखता येत नाही म्हणून मुलगा त्यांना नेऊ पाहत होता. ओळखता आले म्हणून त्या जायला निघाल्या. माझा बिनतोड युक्तिवाद दोन्ही टोकांनी तुटला होता आणि त्यात कोणाची चूक नव्हती, अक्कांची नाही, संजयची नाही, त्या तारांचीही नाही. रागाला जागा नसली की माणसाने हात कुठे ठेवावेत हे मला माहीत नाही. मी उरलेली भाकर खाल्ली.

मुखत्यारपत्राचा मसुदा दुसऱ्या दिवशी मीच लिहिला. अक्कांनी त्यात एक अट घालून घेतली: वावर कोणालाही कसायला द्या, पण नाल्याची वाट बुजवायची नाही. असली अट ज्याला बंधनकारक व्हायची तो पुढचा माणूस ती पाळील का, हे मी सांगू शकत नाही. मी ती स्वतंत्र कलमात घातली.

वाशीमकडे

दिवाळी मेडशीलाच करून आम्ही निघालो. सामान एका जीपमध्ये मावले. संजय ड्रायव्हरशेजारी, मी आणि अक्का मागे, त्या खिडकीशी. मेडशी सोडून जीप महामार्गाला लागली. सकाळचे ऊन आमच्या पाठीवर होते आणि दोन्ही बाजूंची वावरे खाली पसरलेली, एकासारखे एक. मला आता एक ठिकाण ओळखता येत होते. विहीर उजवीकडे, ओळी पलीकडच्या झाडीकडे उतरत गेलेल्या. संजयनेही ओळखले, त्याने ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितले.

अक्कांनी काचेतून बाहेर पाहिले. त्यांचा चेहरा शांत होता, प्रवासात कोणाचाही असतो तसा.

"कोणाचं हाय रे हे वावर?" त्यांनी विचारले.

संजयने मागे वळून माझ्याकडे पाहिले. कोणत्याही चुकीच्या विधानाची तिथल्या तिथे दुरुस्ती करणे ही माझी आयुष्यभराची सवय आहे, हे त्याला ठाऊक होते. मी दुरुस्ती केली नाही.

"हाय एका बाईचं," संजय म्हणाला.

अक्का वावर मागे पडेपर्यंत पाहत राहिल्या. मग पदर नीट करून सरळ बसल्या.

"निगा चांगली ठेवली बाईनं," त्या म्हणाल्या.